कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम अधिसूचित केले आणि संसदेने २०२३ साली संमत केलेला कायदा अखेर अंमलबजावणीच्या वाटेला लागला. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७मध्ये दिला होता. तेथून येथवर येण्यास आठ वर्षे लागली. मुख्य बंधने लागू होण्यास नियमांनी अठरा महिन्यांचा अवधी दिला आहे. याचा अर्थ, २०२७च्या मध्यापर्यंत बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि लहानमोठे उद्योग यांनी आपल्या संगणकांतील लोकांच्या माहितीच्या रक्षणाची योग्य व्यवस्था उभी करायची आहे. त्यात कसूर झाली आणि माहिती फुटली, तर दंडाची मर्यादा अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आहे. माहिती फुटल्याचे लक्षात आल्यापासून ७२ तासांत त्याचा तपशील मंडळाला कळवावा लागेल; ज्यांची माहिती फुटली त्यांनाही सांगावे लागेल.

या कायद्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र दंडाचे भय निर्माण झाले की त्या भयाची बाजारपेठही उभी राहते. माहितीची गळती रोखणारे सॉफ्टवेअर, ज्याला संगणक व्यवसायात 'डीएलपी' या आद्याक्षरांनी ओळखतात, ते या बाजारपेठेतील एक प्रमुख उत्पादन आहे. येत्या काळात अनेक संस्थांचे संचालक मंडळ ते खरेदी करण्याचा ठराव करील. त्या ठरावाच्या वेळी किंमत विचारली जाईल, सवलत विचारली जाईल. परंतु जे कुलूप आपण दाराला लावतो आहोत, ते घडवले कोणी आणि त्याची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न विचारला जाईल काय? आमच्या मते तोच पहिला प्रश्न आहे.

या सॉफ्टवेअरचे काम कसे चालते, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल. साठवणीत असलेली माहिती, कर्मचाऱ्याच्या हाताखाली वापरात असलेली माहिती आणि ई-मेल वा अन्य मार्गाने बाहेर निघालेली माहिती, अशा तिन्ही ठिकाणी ते पहारा ठेवते. पॅन क्रमांकात पाच अक्षरे, चार अंक आणि पुन्हा एक अक्षर असा ठरलेला क्रम असतो. आधार क्रमांकाचे बारा अंक असतात आणि त्यांतील शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने ठरतो. अशा खुणांवरून ते सॉफ्टवेअर मजकूर ओळखते. एखादी निविदा, औषधाचे सूत्र, यंत्राचा आराखडा अशा कागदपत्रांचे तर ते जणू बोटांचे ठसे घेऊन ठेवते आणि त्यातील एखादा परिच्छेद जरी दुसऱ्या पत्रात चिकटवून पाठवला, तरी तो अडवते. पेन ड्राइव्हवर नक्कल होत असेल, तर रोखते. छपाई होत असेल, तर नोंद करते.

पहारेकऱ्याने अमुक वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही असे ठरवायचे, तर त्याला घरातील मौल्यवान वस्तूंची यादी द्यावी लागते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून पाहण्याचा अधिकारही द्यावा लागतो. या सॉफ्टवेअरचे नेमके तेच आहे. संस्थेतील कोणती गोष्ट गुपित आहे हे त्याला सांगावेच लागते. जे अडवले त्याची नोंद आणि बहुधा नक्कलही त्याच्यापाशी जमा होते. संस्थेच्या अध्यक्षांना ठाऊक नसेल इतके त्या पहारेकऱ्याला ठाऊक असते. ज्याला इतके ठाऊक आहे, त्याचे कुळशील पाहणे हा संशयीपणा नव्हे. तो साधा व्यवहार आहे.

गळतीची भीती काल्पनिक आहे, असे कोणी समजू नये. एप्रिल २००५मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरमधील आजी-माजी कर्मचाऱ्यांनी एका अमेरिकन बँकेच्या खातेदारांकडून गोड बोलून गुप्त क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर दुसरीकडे वळवले. कोणाही चोराने भिंत फोडली नव्हती. त्याच वर्षी नौदलाच्या वॉर रूममधील गोपनीय माहिती पेन ड्राइव्हवरून बाहेर गेल्याचे प्रकरण उघडकीस आले. नौदलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून दूर करण्यात आले आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. बोटाएवढ्या वस्तूत एका सशस्त्र दलाची गुपिते खिशातून नेता येतात, हे देशाला तेव्हा प्रथम कळले.

त्याहून बोलके उदाहरण मुंबईच्या माझगाव गोदीशी निगडित आहे. फ्रेंच तंत्रज्ञानाच्या सहकार्याने तेथे स्कॉर्पिन जातीच्या सहा पाणबुड्या बांधण्याचा करार २००५ साली झाला. पहिली पाणबुडी 'आयएनएस कलवरी' नौदलात दाखल होण्यास अजून वर्षाहून अधिक अवधी असताना, ऑगस्ट २०१६मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' या वृत्तपत्राने या पाणबुड्यांसंबंधीची २२,४०० पाने बाहेर पडल्याचे वृत्त दिले. त्या वृत्तपत्राच्या सांगण्यानुसार ही कागदपत्रे २०११ साली फ्रान्समधून बाहेर पडली, आग्नेय आशियातून फिरली आणि अखेर एका डिस्कवर साध्या टपालाने सिडनीला पोहोचली. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तत्काळ नौदलप्रमुखांकडून अहवाल मागवला. गळती भारतातून झालेली नाही, परदेशातून झाली आहे, असे नौदलाने प्राथमिक तपासानंतर सांगितले. आपल्या सैनिकांनी, अभियंत्यांनी आणि गोदीतील कामगारांनी गुप्तता पाळली; तरीही गुपित फुटले. कारण ते गुपित जेथे ठेवलेले होते, त्या कपाटाची किल्ली आपल्या हाती नव्हती. पुढे ही सहाही जहाजे बांधून झाली आणि सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५मध्ये नौदलात दाखल झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र २०१६चा धडा विसरण्याजोगा नाही.

आता ज्या बाजारातून आपण कुलूप आणणार, त्या बाजाराकडे पाहू. या सॉफ्टवेअरचे आरंभीचे निर्माते बहुतांशी अमेरिका व इस्रायल येथील लहान कंपन्या होत्या. २००६ आणि २००७ या दोन वर्षांत मोठ्या कंपन्यांनी त्या एकामागून एक विकत घेतल्या. मॅकॅफीने इस्रायलची ओनिग्मा घेतली, वेबसेन्सने पोर्टऑथॉरिटी घेतली आणि सिमँटेकने व्होंटू ही कंपनी ३५ कोटी डॉलरना घेतली. ज्यांनी त्या काळात या कंपन्यांचे सॉफ्टवेअर घेतले, त्यांच्या पहारेकऱ्याचा धनी पुढे किती वेळा बदलला पाहा. सिमँटेकचा उद्योगांसाठीचा सुरक्षा विभाग २०१९मध्ये ब्रॉडकॉम या चिप उत्पादक कंपनीने १०७० कोटी डॉलरना घेतला. वेबसेन्सवर २०१५ साली रेथिऑन या क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा ताबा आला, २०१६मध्ये तिचे नाव फोर्सपॉइंट झाले आणि २०२१ साली ती एका गुंतवणूक संस्थेच्या हाती गेली. मॅकॅफीचा उद्योगांसाठीचा व्यवसायही २०२१मध्ये अशाच एका गुंतवणूक संस्थेने ४०० कोटी डॉलरना खरेदी केला.

या व्यवहारांत बेकायदेशीर काही नाही. व्यापारात कंपन्या विकल्या जातातच. परंतु आपल्या बँकेच्या, रुग्णालयाच्या, कारखान्याच्या गुपितांची यादी ज्याच्यापाशी आहे, त्याची मालकी एका खंडातून दुसऱ्या खंडात होणाऱ्या सौद्यांत बदलत राहते आणि ग्राहकाला ते वर्तमानपत्रातून कळते, ही स्थिती समाधानाची म्हणता येईल काय?

'व्यापारी कंपनीला आपल्या गुपितात काय रस असणार,' असे म्हणणारे भाबडे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी क्रिप्टो एजी या स्वित्झर्लंडमधील कंपनीचा इतिहास अवश्य जाणून घ्यावा. ही कंपनी गुप्त संदेशांची यंत्रे विकत असे आणि तटस्थ देशातील कंपनी म्हणून शंभराहून अधिक देशांनी तिच्यावर विश्वास टाकला. फेब्रुवारी २०२०मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' व जर्मन दूरचित्रवाणीने उघड केले की १९७०पासून या कंपनीची मालकी गुप्तपणे अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या हेरसंस्थांकडे होती. यंत्रांमध्ये मुद्दाम कच्चे दुवे ठेवलेले होते. ग्राहकांच्या यादीत भारतही होता आणि पाकिस्तानही. शत्रूपासून लपवण्यासाठी जे यंत्र पैसे मोजून घेतले, तेच कान लावून बसले होते!

आणि अमेरिका स्वतः काय करते? रशियाच्या कॅस्परस्की या कंपनीचे विषाणूरोधक सॉफ्टवेअर तिने २०१७मध्ये आपल्या सरकारी संगणकांवरून काढून टाकण्याचा आदेश दिला आणि जून २०२४मध्ये त्याच्या देशांतर्गत विक्रीवरच बंदी जाहीर केली. परक्या सत्तेच्या प्रभावाखालील सुरक्षा सॉफ्टवेअर हा राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे, हे तिचे कारण होते. खुल्या बाजाराचे पाठ जगाला देणाऱ्या देशाला हे कळते. आपण हेच बोललो की 'संकुचित' ठरतो.

हेतू वाईट नसला, तरी परावलंबन महागात पडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जुलै २०२५मध्ये तर याहून गंभीर प्रकार घडला. गुजरातमध्ये वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीमध्ये रशियन कंपनीचा मोठा वाटा असल्याने युरोपीय महासंघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेल व अन्य सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या भूमीवरील, भारताला इंधन पुरवणाऱ्या कंपनीची पत्रव्यवस्था ब्रुसेल्समधील निर्णयाच्या आधारे बंद होऊ शकते, हे त्या आठवड्यात सिद्ध झाले. ई-मेलच्या बाबतीत जे घडले, ते सुरक्षेच्या पहारेकऱ्याच्या बाबतीत घडणार नाही, याची हमी कोण देणार?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परदेशी उत्पादने दीर्घकाळ कसाला लागलेली आहेत. एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेने आपले सॉफ्टवेअर स्वतः घडवावे, असे म्हणणे हास्यास्पद होईल. केवळ स्वदेशी शिक्का आहे म्हणून कच्चे कुलूप लावणे हा तर आत्मघात ठरेल. हे सारे आम्हांस मान्य आहे. दत्तोपंत ठेंगडी यांनी मांडलेला स्वदेशीचा विचार हा भावनेचा नव्हता, तर राष्ट्राच्या निर्णयस्वातंत्र्याचा होता. निर्णयस्वातंत्र्य हवे असेल, तर गुणवत्ता अपरिहार्य आहे. भारतीय कंपनीची पाठ थोपटताना तिच्या मालाची कठोर परीक्षाही झालीच पाहिजे.

आणि ती परीक्षा उत्तीर्ण होण्याची क्षमता आपल्यात नाही, असे इतिहास सांगत नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने हवा तितका शक्तिशाली क्रे महासंगणक देण्यास आडकाठी केली, तेव्हा १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१मध्ये 'परम ८०००' साकार केला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे बंधू. थोरल्याने दहावीनंतर शिक्षण सोडून गणकयंत्रे दुरुस्त करण्याचे काम धरले, धाकट्याने विषाणूरोधक सॉफ्टवेअर लिहिले आणि त्यातून पुण्यात 'क्विक हील' उभी राहिली. फेब्रुवारी २०१६मध्ये तिचे समभाग बाजारात आले. उद्योगांसाठी 'सेक्राइट' या नावाने ती जी उत्पादने विकते, त्यांत माहितीगळती रोखण्याची सोयही आहे. येथे कोणा एका कंपनीची भलामण करण्याचा हेतू नाही. जगासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे लाखो हात ज्या देशात आहेत, त्या देशाने आपल्या दाराची कुलुपे बाहेरून आणण्यातच धन्यता का मानावी, एवढाच प्रश्न आहे.

शासकीय खरेदीत देशी सायबर सुरक्षा उत्पादनांना प्राधान्य देण्याची अधिसूचना केंद्राने २०१८मध्येच काढली. तिची अंमलबजावणी राज्य शासन, महापालिका, विद्यापीठे आणि सहकारी संस्थांच्या निविदांपर्यंत झिरपली पाहिजे. जेथे आज परदेशी उत्पादन घेणे भाग आहे, तेथे चार अटी तरी करारात लिहून घ्याव्यात. अडवलेल्या कागदपत्रांच्या नोंदी भारतातच आणि आपल्याच ताब्यात राहतील. बाहेरून येणारी प्रत्येक सुधारणा आधी थोड्या संगणकांवर पारखून मगच सर्वत्र लावली जाईल. परदेशातून सेवा तोडली गेली, तरी पहारा चालू राहील. आणि कंपनीची मालकी बदलली, तर करार मोडण्याचा अधिकार आपल्याला असेल. या अटी मान्य न करणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे दार दाखवावे.

परंतु एवढे करूनही काम संपत नाही. उत्तम सॉफ्टवेअर पेन ड्राइव्ह अडवते, ई-मेल अडवते. संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर घेणारा हात ते अडवू शकत नाही आणि जीभ तर नाहीच. २०२३मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी काम लवकर उरकावे म्हणून कंपनीचा गोपनीय मजकूर चॅटजीपीटीला दिला आणि कंपनीला अशा साधनांच्या वापरावर निर्बंध आणावे लागले. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नयेत, अशी सूचना काढली. सॅमसंगचे ते अभियंते घरभेदी नव्हते. त्यांना केवळ भान नव्हते.

आर्य चाणक्याने अर्थशास्त्रात मसलत एकांतात करण्यास सांगितले आहे आणि पोपट-मैनांकडूनही गुपिते फुटल्याचे दाखले दिले आहेत. त्याच ग्रंथात अमात्यांची धर्म, अर्थ, काम आणि भय या चार कसोट्यांवर परीक्षा घेण्याचा विधी आहे. तटबंदी आणि माणूस, दोहोंचा विचार त्याने एकत्र केला. महाराष्ट्राला तर हिरकणीची आख्यायिका ठाऊक आहे. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, पहारे चोख होते. तरी तान्ह्या बाळाच्या ओढीने एक गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि ज्या कड्यावरून ती उतरली, तेथे बुरूज बांधला. माहितीरक्षणाचे सारे शास्त्र या कथेत आहे. जिथून वाट सापडली तिथे बुरूज बांधावा आणि निष्पाप माणसाला गुन्हेगार ठरवू नये. कर्मचाऱ्यांना न सांगता त्यांची पत्रे वाचणारी संस्था स्वतःचे रक्षण करत नाही, ती आपल्या माणसांचा विश्वास गमावते. पहारा ठेवायचा तर उघडपणे, नियम सांगून आणि वरपासून खालपर्यंत सारखा ठेवावा.

नव्या कायद्याने लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेला 'विश्वस्त' या अर्थाचे नाव दिले आहे. हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. आज आपल्यापैकी अनेकजण पतसंस्था, शाळा, रक्तपेढ्या, गृहनिर्माण संस्था, सेवाकार्ये चालवतात. तेथे देणगीदारांच्या याद्या, पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक, रुग्णांचे अहवाल, आधारच्या प्रती साठलेल्या असतात आणि त्या सहजपणे व्हॉट्सअ‍ॅपवरून इकडून तिकडे फिरत असतात. सॉफ्टवेअर येईल तेव्हा येईल. आपण काय काय साठवले आहे याची यादी करणे, गरज संपलेले नष्ट करणे, ज्याचे काम नाही त्याच्या हाती न देणे, यास एक रुपयाही लागत नाही. ज्या मातेने आपल्या मुलाचा दाखला आपल्या शाळेत विश्वासाने दिला, तिची ती ठेव आहे. ती सांभाळण्याची शिस्त आधी आपल्या घरात यावी, आणि मग दाराला जे कुलूप लागेल, त्याची किल्ली आपल्याच कमरेला असावी.